सिगारेटच्या पाकिटातली आजी

पौष लागला की शाळेतल्या बायकांचं हुरड्याचं ठरायला लागतं. कुणाचं शेत झरीकडे, कुणाचं पाथरी रोडला, कुणाच्या दिराची ज्वारी अगदी ऐन दुधात आलेली. मी दरवर्षी काहीतरी कारण सांगते. आता त्या मला विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या बोलण्याला लागतात. हुरडा मला आवडत नाही असं नाही. पण आगटीतून काढलेलं कणीस तळहातावर चोळताना जो हिरवा, दुधाळ, किंचित जळका वास सुटतो, त्या वासाला मी भिते. एका हंगामात तो वास आमच्या घरात आला होता आणि घरातल्या ज्या माणसासाठी तो आणला होता, त्याला खायला तोंडच उरलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

दादा एसटीत कंडक्टर होते. आमच्या घरात त्यांच्याआधी कुणी नोकरी केली नव्हती. चारठाण्याजवळच्या आमच्या गावात आमची भावकी मेंढ्यांमागे हिंडणारी. दिवाळी झाली की कळप घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं जायचं ते पावसाच्या तोंडावर परत यायचं. दादा चार बुकं शिकले आणि मेंढ्यांऐवजी माणसं मोजायला लागले, असं ते स्वतःच म्हणायचे. उंच इतके की गाडीत उभं राहताना मान वाकडी करावी लागायची. आणि आवाज असा की शेवटच्या बाकावर झोपलेला माणूस "झरी, उतरा झरी" ऐकून पायांवर उभा राहायचा. दोन थांब्यांच्या मधल्या वेळात डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना. मळायचा, थोपटायचा, खालच्या ओठाआड ठेवायचा. लहानपणी मला वाटायचं, कंडक्टरच्या नोकरीला तिकिटांच्या पेटीसारखीच ती तंबाखूची डबीही सरकार देत असेल.

त्या आवाजाच्या माणसाच्या गालात आधी एक पांढरा चट्टा आला. मग जबडा उघडेना. मग नांदेडला नेलं, तिथून आणखी पुढं नेलं, आणि शेवटी एका तरुण डॉक्टरनं माझ्याकडं न बघता सांगितलं की आता घरी न्या. माझ्या यजमानांनी परभणीच्या आमच्या घरात खिडकीपाशी खाट टाकून दिली. नाकातून नळी. नळीतून भाताची पेज, डाळीचं पाणी, दूध. बोलणं बंद. मी शाळेतून एक पाटी आणि खडूची पेटी आणून दिली. ज्या माणसानं आयुष्यभर ओरडून गावांची नावं सांगितली, तो आता पाटीवर लिहायचा, "पाणी". "कड बदल". "मारोती आला का".

मारोती माझा धाकटा भाऊ. गावी राहतो, मेंढ्या आणि थोडी शेती बघतो. येताना तो गावाकडच्या देवघरातले देव घेऊन आला. दादांनीच पाटीवर लिहून मागवले होते. खंडोबाचा टाक, बिरोबाचा टाक, आणि त्या दोघांच्या मध्ये कायम असायचं ते चित्र.

त्या चित्राबद्दल आता सांगायलाच हवं.

ते काडेपेटीपेक्षा थोडंसं मोठं, जाड कागदाचं, रंगीत छापलेलं कार्ड होतं. एका लाकडी फळीवर खळीनं चिकटवलेलं, वर काच. चित्रात एक बाई. गोरीपान, गोल चेहऱ्याची, डोळे अर्धवट मिटलेले. नाकात नथ, गळ्यात माळांवर माळा, काखेत पांढरंशुभ्र कोकरू. डाव्या हाताची करंगळी अशी उचललेली, जशी कुणी कोकरू धरताना उचलत नाही. मागं देवळाचे कोरीव खांब, पण त्या देवळाला मशिदीसारखा घुमट. आणि अगदी मागं, वाळूच्या टेकडीवर, एक उंट.

ही आमची आजी. दादांची आई.

आम्हाला लहानपणापासून असंच सांगितलेलं होतं. निजामाच्या राज्यात एक गोरा साहेब चारठाण्याची जुनी देवळं बघायला आला, तिथं आजी मेंढ्या चारत होती, साहेबानं तिचं चित्र काढलं आणि ते तिकडं त्याच्या देशात छापून आलं. दादा तीनेक वर्षांचे असताना आजी वारली. तिचा दुसरा काहीच मागमूस नाही. फोटो नाही, लुगडं नाही, भांडं नाही. हे चित्र तेवढं. सर्वपित्रीला त्याच्यापुढं नैवेद्य असायचा. दिवाळीत आई त्या काचेवर कुंकू लावायची, त्यामुळं चित्रातल्या बाईचं कपाळ कायम लाल धुक्यात. मी एकदा विचारलं होतं, "दादा, चारठाण्याला उंट कुठं असतात?" दादांनी जराही न अडखळता सांगितलं, "तवा असायचे. निजामाचे." मारोती म्हणाला, "मग मेंढ्यावाली इतकी गोरी कशी?" तर म्हणाले, "छापताना रंग उतरतो." श्रद्धेला अशी उत्तरं शोधावी लागत नाहीत. ती तयारच असतात.

सिगारेटच्या पाकिटात अशी चित्रं यायची, हे मला मोठी झाल्यावर कळलं. पाकीट दबून सिगारेटी मोडू नयेत म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घालायचे, मग त्याच्यावर चित्र छापायची युक्ती कुणाला तरी सुचली. तिकडं विलायतेत मुलं म्हणे बापाच्या खिशातून ती काढून घ्यायची, आपसात बदलायची, वहीत चिकटवायची. एक अख्खी माला जमवली की सगळा पूर्वेकडचा मुलूख आपल्याजवळ आला. आपण कोण आहोत हे न विचारता आपल्याला असं कुणीतरी खिशात घालून हिंडत होतं, ही गोष्ट तेव्हा मला गमतीची वाटली होती. त्या हंगामात वाटली नाही.

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. एका दुपारी मी शाळेतून आले तर दादा ती फळी छातीवर घेऊन पडलेले. पाटीवर लिहून ठेवलं होतं, माझ्यासाठीच. "याच्या मागं इंग्रजी आहे. चिकटवताना मी बघितलं होतं. काढ. वाच. तिचं नाव असंल."

मी समजले नाही. "कुणाचं नाव दादा?"

त्यांनी पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं. "माझ्या आईचं."

खाटेच्या कडेवर बसल्या जागी मला धक्का बसला तो हा, की मला आजीचं नाव माहीत नव्हतं आणि ते माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं. चित्र होतं म्हणून नावाची कधी गरजच पडली नव्हती. दादांना मात्र आयुष्यभर ते ठाऊक नव्हतं. आई मेली, वर्षाच्या आत बापानं दुसरी केली, दुसरीसमोर पहिलीचं नाव घरात कुणी घेईना. विचारायचं वय आलं तेव्हा विचारायची लाज वाटली. मग सांगणारे एकेक करून जायला लागले. नोकरीत असताना म्हणे ते कितीदा ती काच उघडायला गेले होते. कार्ड फाटेल म्हणून हात मागं घेतला. आता त्यांना कार्ड फाटायची भीती उरली नव्हती. त्यांनी लिहिलं, "मरताना तिला हाक कशी मारू?"

पाण्याची वाफ देऊन, ओल्या फडक्यानं, मी ते कार्ड फळीवरून सोडवलं. दोन दिवस लागले. दादा डोळ्यांची पापणी न हलवता बघत होते. एक कोपरा फळीवरच राहिला, त्याच्याबरोबर कंपनीच्या नावाची काही अक्षरं गेली. बाकी मजकूर वाचता येत होता. वर मालेचं नाव, चित्राचा क्रमांक. खाली पाच-सहा ओळी.

मी आधी मनात वाचलं. दादांनी खडू पाटीवर आपटला. मोठ्यानं वाच, म्हणून.

मी मराठीत सांगत गेले. निजामाच्या मुलखातली मेंढपाळीण. या लोकांतल्या बायका देखण्या पण आळशी असतात. दिवसभर झाडाखाली बसून गाणी म्हणतात. दागिन्यांची त्यांना भारी हौस. सापाला देव मानतात. त्यांचं रूप लवकर कोमेजतं.

"आणि?" असं दादांचे डोळे.

"आणि काही नाही."

पाटीवर, "नाव?"

"नाव नाही दादा."

"नीट बघ."

मी नीट बघितलं. उजेडात धरून बघितलं, भिंग आणून बघितलं. क्रमांक होता. नाव नव्हतं.

दादांचा चेहरा सुजेमुळं फारसा हलायचा नाही, पण राग मला दिसला. "आळशी" हा एकच शब्द त्यांनी पाटीवर लिहिला आणि त्याच्यावर अशी रेघ ओढली की खडू मोडला. मग हात पुढं केला, पाटी मागितली. "लवकर कोमेजतं लिवलंय. ती लवकर मेली. म्हंजे तिलाच बघून लिवलंय."

बुडणाऱ्या माणसाच्या हाती गवताची काडी द्यावी आणि त्यानं तिच्यावर अंगाचा सगळा भार टाकावा, तसं ते वाक्य होतं. नळीतून दूध घालायची वेळ झाली होती, ते करायला उठले.

माझी मुलगी रेवा संक्रांतीला पुण्याहून आली. तिथं ती कॉलेजात शिकत होती. आजोबांच्या छातीवरचं कार्ड तिनं हळूच उचललं, मोबाइलनं फोटो घेतला, त्यावरून काहीतरी शोधलं आणि स्वयंपाकघरात येऊन मोबाइल माझ्यासमोर धरला. जुनी सिगारेटची चित्रं जमवणाऱ्या लोकांची कसलीशी साइट होती. मी तिळाचे लाडू वळता वळता बघत होते. टोपलीतून फणा काढलेला साप आणि पुंगीवाला. खिळ्यांवर झोपलेला फकीर. हत्तीवरचा राजा, हत्तीएवढाच सजवलेला. पडद्याआडच्या बायका. माणसं कमी आणि सोंगंच जास्त. मग रेवाचं बोट थांबलं.

"आई, ही बघ."

आमची आजी डोक्यावर घागर घेऊन उभी होती. खाली इजिप्तची पाणी भरणारी असं लिहिलेलं. मागं तोच उंट, त्याच टेकडीवर. पुढच्या चित्रात आमची आजी डफ वाजवत होती. ती जिप्सी होती. तिसऱ्यात ती पंखा घेऊन लोडाला टेकली होती, कुठल्याशा सुलतानाच्या जनान्यात. तीच गोल हनुवटी, तेच अर्धवट मिटलेले डोळे. आणि प्रत्येक चित्रात वर उचललेली ती करंगळी.

लाडवाचा पाक माझ्या हातावर कडक होत चालला होता.

रेवा संतापली होती. "याला पौर्वात्यवाद म्हणतात, आई. आम्हाला आहे शिकायला. त्यांना खरी माणसं नकोच होती. त्यांना त्यांच्या मनातला पूर्वेचा देखावा हवा होता. एकच बाई, कपडे बदलायचे, नाव बदलायचं."

"नाव कुठं बदललंय," मी म्हटलं. "नाव दिलेलंच नाही."

"तेच तर म्हणते मी."

"आणि दादांना काय सांगू? पौर्वात्यवाद?"

तिनं मोबाइल खाली ठेवला. बाहेरच्या खोलीतून खडूचा आवाज येत होता. दादा काहीतरी लिहीत होते.

रेवा परत गेली त्या आठवड्यात मी झरीला गेले. तिथं दादांची चुलतबहीण भिवराआत्या लेकीकडं राहायची. दादांहून ती सात-आठ वर्षांनी मोठी; आमच्या भावकीत त्या पिढीचं उरलेलं ते शेवटचं माणूस. एसटीतून जाताना दोन्ही अंगाला ज्वारी छातीला लागेल एवढी उभी, कणसं मोत्यासारखी भरलेली, गोफणीचे आवाज, मचाणावरची माणसं. शेतांतून धुराच्या रेघा वर जात होत्या. सगळ्या मुलखाचं तोंड चालू होतं आणि माझ्या घरातलं एक तोंड कायमचं मिटलं होतं. मी खिडकी लावून घेतली.

आत्या उन्हात बसली होती. डोळ्यांनी अधू, कानानं तल्लख. मी पाया पडले, तिनं माझं तोंड चाचपून बघितलं. मी सरळ विचारलं, "आत्या, दादांच्या आईचं नाव काय होतं?"

"आता कशाला गं?"

"दादा विचारायलेत."

आत्याचा चाचपणारा हात थांबला. "अजून मायलाच हुडकायलाय व्हय त्यो?"

मी कार्ड आणलं होतं. तिला दिसणार नाही म्हणून मी सांगायला लागले, की साहेबानं काढलेलं ते चित्र, त्याच्या मागं... तर आत्यानं हात हलवला. "ती न्हवंच ती. तुमी आजून त्याला पुजायलाव का? आगं, तुजा बाप लय रडायचा. माय मेली तर दूध घेईना, कुनाच्या कडंवर जाईना. त्याच्या एका चुलत्याला कुटं तरी रेल्वेच्या सायबानं टाकलेलं शिग्रेटीचं खोकं घावलं व्हतं. त्यातलं चित्तर त्यानं पोराच्या हातात दिलं. ही बघ तुजी माय, सायबानं काढली, आता रडू नको. पोरगं गप झालं. मंग त्याला कोन सांगनार, की न्हाई म्हनून?"

"मग खरी कशी होती?"

आत्या हसली. दात नव्हते, पण हसू पोरीचं होतं. "काळी व्हती. तव्यावानी. तोंडावर देवीचे वण. उंच किती म्हनशील, चौकटीतनं वाकून यायची. दोन दोन कोकरं ओट्यात घेऊन कोस कोस चालायची आन वरून मला म्हनायची, भिवरे, तू बी बस कडंवर. लय राबली. बसलेली म्हनून मी तिला बगितली न्हाई. तिकडं गंगंच्या पल्याड कळप घेऊन गेल्ते, तितंच ताप आला आन तितंच गेली. तितंच माती दिली. कोनाचं रान व्हतं, काय की."

"आणि नाव, आत्या? नाव?"

ती खूप वेळ आठवत राहिली. मी तिचा हात धरून बसले होते. त्या हातात कुठंतरी ते नाव असेल आणि दाबलं की बाहेर येईल, अशा वेड्यासारखी. शेवटी ती म्हणाली, "नाव कोन घेतंय बाई? तुजा आजा तिला 'अगं' म्हनायचा. सासू 'ये' म्हनायची. आमी पोरं थोरली म्हनायचो. थोरली, भाकर दे. थोरली, मला घे."

"माहेरचं तरी?"

"माहेर लय लांब. लगनात दुसरं नाव ठिवलं आसंल की. त्ये बी कुनी घेतलं न्हाई."

निघताना आत्याच्या नातवानं हुरड्याची पिशवी दिली. आत्ताच शेतातून आणलाय, गरम आहे, आजोबांना द्या म्हणाला. आजोबांना खाता येत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगवलं नाही.

परतीच्या गाडीत मला त्या साहेबाचा राग आणायचा होता. मी प्रयत्न करत होते. ज्यानं ते चित्र काढलं त्याचा, ज्यानं मागच्या पाच-सहा ओळी कुठंतरी टेबलाशी बसून लिहिल्या त्याचा, ज्यानं त्यांच्याखाली क्रमांक घातला त्याचा. राग येत होता, पण तो सरळ जात नव्हता. वाटेत वळून घराकडं यायचा. परक्या माणसानं एका बाईला नाव न देता छापलं. आणि आपल्या माणसांनी? तिच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्या कडेवर वाढली, दुसऱ्याच्या रानात तिला पुरलं, आणि नाव? मेंढ्यांना नावं असायची आमच्याकडं. काळी, बांडी, कानी. दादांना त्यांच्या लहानपणच्या कुत्र्याचं नाव ठाऊक होतं. मांडीवरची हुरड्याची पिशवी ऊब देत होती आणि मला ती फेकून द्यावीशी वाटत होती.

घरात शिरले तर दादांनी डोळे उघडले. नळी असलेल्या नाकानंही त्यांना वास लागला. त्यांनी हातानं खूण केली. मी थोडा हुरडा वाटीत काढून त्यांच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी डोळे मिटून तो वास ओढला, पुन्हा ओढला, आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहून कानात गेलं. मग वाटी बाजूला सारली आणि पाटी घेतली.

"खरं सांग."

मी सांगितलं. सगळं. माझ्या आवाजाला कुठं थांबायचं ते कळत नव्हतं. साइटवरच्या चित्रांचं सांगितलं, रेल्वेच्या साहेबाच्या खोक्याचं सांगितलं, आत्याचं सांगितलं. दादा ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी उजवा हात स्वतःच्या चेहऱ्यावरून फिरवला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, जसं एखाद्या अनोळखी माणसाला ओळखायला बघावं.

"काळी?" त्यांनी लिहिलं.

"हो. तुमच्यासारखी."

"उंच?"

"चौकटीतून वाकून यायची म्हणे."

त्यांची मान उशीवर जराशी वाकडी झाली. गाडीत उभे राहायचे तेव्हा व्हायची तशी. मला वाटलं, आता त्यांना बरं वाटेल. खरी आई मिळाली ना. पण त्यांनी ते कार्ड उचललं, डोळ्यांसमोर धरलं आणि खूप वेळ बघत राहिले. मग पाटीवर लिहिलं.

"मग ही कोणाची आई?"

मी आजतागायत या प्रश्नाशी बसून आहे. रेवाच्या पुस्तकांत याचं उत्तर नाही. ती पुस्तकं सांगतात की चित्रातली बाई खरी नाहीच, ते सोंग आहे, पाहणाऱ्यांच्या मनातला खेळ आहे. असेल. पण कुणीतरी तिथं बसलं होतं ना? लंडनमध्ये म्हणा, आणखी कुठं म्हणा, कुठल्यातरी थंड खोलीत, भाड्याच्या माळा घालून, करंगळी वर धरून? तिलाही घरी कुणीतरी हाक मारत असेल. जन्मभर तिच्यापुढं नैवेद्य ठेवणारा एक मुलगा परभणीत मरायला टेकला होता, आणि तिचंही नाव त्याला ठाऊक नव्हतं. एका दुपारी दादांच्या दोन आया गेल्या. एक होती ती खोटी निघाली आणि दुसरी सापडली ती रिकाम्या हाकेसारखी.

त्यानंतरचे दिवस मला लिहिता येतील असं वाटत नाही, तरी लिहिते. दादांनी नावं लिहायला सुरुवात केली. सकाळी उठले की पाटी. "रुखमा". ते त्या शब्दाकडं बघायचे. आत काही हलतंय का याची वाट बघायचे. मग पुसायचे. "भागा". "सोना". "गोदा". मला खूण करायचे, म्हणजे मी मोठ्यानं म्हणायचं. तीन वर्षांच्या कानांनी कधीतरी ऐकलेलं असेल. हाक कानात कुठं ना कुठं राहते, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मी म्हणायची, "राहीबाई." ते मान हलवायचे. "जनाबाई." मान. "तुळसा." थोडं थांबायचे, मग मान. मारोती आला की तो म्हणायचा. त्याचा आवाज दादांसारखा आहे. एकदा तो वैतागला, "दादा, आता कोन्तंबी एक धरा की. काय फरक पडतोय?" दादांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो उठून अंगणात गेला आणि नळाखाली डोकं धरून उभा राहिला.

पांघरुणावर खडूची पांढरी भुकटी साचत गेली. मी ती झटकायची, पुन्हा साचायची. अक्षरं मोठी होत गेली, मग वाकडी, मग नुसत्या रेघा. शेवटी शेवटी ते खडू धरायचे आणि पाटीवर टेकवून ठेवायचे, लिहायचे नाहीत. मी त्या रेघांतून नावं काढायची. "हे लक्ष्मी आहे का, दादा? सरू? सखू?" त्यांना मान हलवायचेही कष्ट व्हायला लागले, तेव्हा मी विचारणं थांबवलं. ते मात्र बघत राहिले, माझ्या तोंडाकडं, पुढचं नाव येईल म्हणून.

माघ संपता संपता दादा गेले. बाहेर ज्वारीची काढणी चालली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून कडब्याच्या पेंढ्या लादून नेत होते आणि रस्ताभर पातींचा भुस्सा उडत होता.

दहाव्याला आम्ही गंगाखेडला गेलो. गोदावरीचं पात्र आटत आलेलं, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या, त्यांच्यापुढं चिखल आणि मग पाणी. मारोतीनं केस उतरवले होते. न्हाव्यानं कानाजवळ थोडं कापलं होतं, तिथं रक्ताचा ठिपका. बायकांनी वर बसावं म्हणून कुणीतरी म्हणालं. मी त्याच्या शेजारी बसले.

गुरुजी भला माणूस होता. घाई नव्हती त्यांना. वडिलांचं नाव विचारलं, आजोबांचं विचारलं, पणजोबांचं विचारलं. मारोतीनं सगळी धडाधड सांगितली. आई जाऊन काही वर्षं झाली होती, तिचं सांगितलं. पाणी सोडलं.

"आता आजीचं. वडिलांच्या आईचं."

मारोतीनं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या ओंजळीत काळे तीळ तरंगत होते.

"माहीत नसेल तर गंगा म्हणा," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात चालतं. रोज कितीतरी लोक तेच म्हणतात."

ते चूक बोलत नव्हते. प्रेमानंच बोलत होते. पण रोज कितीतरी लोक, कितीतरी बायका, आणि सगळ्यांना मिळून एक नाव, ज्याला जसं हवं तसं चालवून घ्यायचं.

"थोरली म्हणा," मी म्हणाले.

"ताई, हे नाव नाही. हे नातं झालं."

"तिला हाक मारायचे ती हीच. दुसरं काही नाही आमच्याकडं."

गुरुजींनी मारोतीकडं बघितलं. मारोती म्हणाला, "आक्का म्हनते तसं करा." त्याचा आवाज घाटावर घुमला, दादांचा घुमायचा तसा. गुरुजींनी क्षणभर डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. त्या गुळगुळीत संस्कृतात 'थोरली' हा शब्द तांदळात खडा लागावा तसा लागला. मारोतीनं पाणी सोडलं. तिला कुणीतरी मोठ्यानं बोलावलं होतं. किती वर्षांनी, देव जाणे.

मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देणार होते. तेवढ्यात गुरुजींनी वर न बघता, दर्भाची काडी नीट करत विचारलं, "आता पणजीचं?"

मारोतीनं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याकडं बघत होते. हिच्यासाठी आमच्याजवळ हाकसुद्धा नव्हती. त्याच्या ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून गळायला लागलं होतं, आणि गुरुजी वाट बघत होते.